पंचाने पाहिलेला उजेड

त्या संध्याकाळी वडिलांनी आभाळात उजेड पाहिला. तो उसावर थांबला आणि इंदापूरकडे गेला.

नव्वदच्या दशकात आमच्याकडे दिवेलागणीलाच वीज जायची, त्यामुळे तो दुसरा कसला उजेड असण्याचा प्रश्न नव्हता. वडिलांना गाव तात्या म्हणे. बांधाचा वाद असो, गारपीट असो की विहिरीत पडलेली म्हैस, पंचनाम्याला पहिले पंच तात्याच. त्यांनी पाहिलं म्हटलं की ते घडलेलं असे. उजेडाची गोष्ट सांगितल्यावर मात्र पारावर एकाने विचारलं, "तात्या, त्यो ऊस तोडायला आलता व्हय? मग आमचाबी फड दाखवायचा की. टोळी मिळंना." पुढे एकाची कडब्याची गंज जळाली, तेव्हा पंच म्हणून आमच्या शेजाऱ्याला नेलं. वडील त्या दिवशी जेवले नाहीत.

पाहिलेलं खरं आहे एवढं सरकारने सांगावं, असं त्यांच्या मनाने घेतलं. मी शिकलेली, म्हणून साहेबांशी बोलायला मला बरोबर घेतलं. तलाठी भाऊसाहेबांनी विचारलं, काही पडलं का? पडल्याशिवाय पंचनामा होत नाही. उजेडाने निदान उसाच्या चार सऱ्या तरी जाळायला हव्या होत्या. आमच्या तालुक्याच्या, बारामतीच्या कचेरीत कळलं की तो इंदापूर तालुक्यात गेला, म्हणजे बाब तिकडची. इंदापूरला कळलं की थांबला तो बारामतीत, इकडून नुसता गेला. जाणाऱ्यांची नोंद ठेवायची तर बगळ्यांचीही ठेवावी लागेल. शेवटी एका मोठ्या साहेबांनी चहा मागवला आणि दार लोटून घेतलं.

"काही नव्हतं," ते म्हणाले. "आणि जे होतं, त्याबद्दल सांगता येत नाही."

"मी पाह्यलं, एवढं तरी खरं का, साहेब?"

"तेही सांगता येत नाही."

मी हे पारावर जसंच्या तसं सांगितलं. सरकारने हो म्हटलं असतं तर गावाने विश्वास ठेवला नसता. नाही म्हटलं असतं तरी नसता. पण लपवण्याच्या बाबतीत सरकारवर गावाची पूर्ण श्रद्धा होती. "लपवत्यात म्हंजी हाय," तोडणीला टोळी मागणाराच म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याच्याच बांधाच्या मोजणीला तात्यांना बोलावणं आलं.

वडील गेले, सही करून आले. घरी येऊन मला म्हणाले, "माझ्या डोळ्यांवर कुणाचा इस्वास न्हाय. साहेबानं दार लोटलं, त्याच्यावर हाय."

त्यानंतरही ते पंच होतेच. संध्याकाळी बांधावर उभे राहून इंदापूरकडे पाहत. आम्ही हाक मारली की येत.

या वर्षी ते वारले. तो उजेड काय होता, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. बांध आहे. संध्याकाळी मी तिथे जाते.