हरवलेला काना

दुरुस्ती ही माझी उपजत कला आहे. (घरातला मिक्सर, पंखा आणि भिंतीवरचं घड्याळ साक्षीला आहेत. तिन्ही बंद.)

शेतातली पाण्याची मोटार मी स्वतः खोलतो, तिथे बायकोचा कीबोर्ड म्हणजे किस झाड की पत्ती! बायको, म्हणजे वंदना, सहा महिने अड्याळला मराठी टायपिंगच्या क्लासला जात होती. सोमवारी परीक्षा होती. पास झाली तर शाळेतल्या लिपिकाच्या जागेसाठी तिला अर्ज करता येणार होता. आणि मंगळवारी, सराव ऐन भरात असताना, कीबोर्डचं एक बटन अडकायला लागलं. आत चिवड्याचा कण गेला होता. (चिवडा कोण खात होतं, ते विचारू नका.)

मी पेचकस घातला. टक्! बटन उडालं ते दिसेनासंच झालं! आणि उडालं कोणतं? कान्याचं! काना नाही तर साधं 'मामा आला' कसं लिहायचं?

"अवो, नवा कीबोर्डच आणा न!" वंदना म्हणाली.

"एक दात पडला म्हून सारी बत्तिशी बदलवते का कोणी?" मी म्हणालो.

आमच्याकडे मोटारीचं वायसर आणायचं तर जुनं वायसर नमुन्याला न्यायचं, दुकानदार हुबेहूब तसंच काढून देतो. पण हरवलेल्या बटनाचा नमुना आणणार कुठून? म्हणून मी शेजारचं बटन उपटलं, 'र'चं. (कीबोर्ड सोबत नेता आला असता.)

बुधवारी अड्याळच्या दुकानदाराने ते उलटंपालटं करून पाहिलं. "भाऊ, खालची खाच हरेक कंपनीची येगळी रायते. नमुना ठेवून जा, नागपूरवरून बलावतो."

ठेवून आलो. पण एकाच दुकानावर विसंबणं काही बरं नाही, म्हणून गुरुवारी 'स' घेऊन पवनी गाठली. तिथेही नमुना ठेवला. शुक्रवारी वेलांटी खिशात टाकून थेट साकोली!

साकोलीचा दुकानदार माझ्याकडे बघतच राहिला. "कीबोर्डच घेऊन याचा होता न, भाऊ!"

"त्याच्यावर बायको सराव करून राहिली न!"

"कायच्यावर?"

वेलांटी ठेवली आणि बस पकडली. (बसमध्ये मात्र उत्तर देऊन राहिले होते. शेजारच्या माणसाला.)

संध्याकाळी घरी आलो तर वंदना बटनांखालच्या उघड्या रबरावर बोटं आपटत होती. सहा महिन्यांची मेहनत माझ्या एका पेचकसाने पाण्यात जाणार, असं वाटून मला मनापासून लाज वाटली.

"चुकलो वं," मी म्हणालो. "आता एकही बटन नेत नाही."

"न्या न, न्या!" ती चक्क हसली. "उद्या भंडाऱ्याले जाऊन पाहा. आरामात या."

इतकी समजूतदार बायको नशिबाने मिळते. मी शनिवारी भंडाराही पालथा घातला.

सोमवारी परीक्षा झाली. आठवडाभरात तिन्ही दुकानांतून फोन आले, "भाऊ, बटन आलं!" धावत गेलो. अड्याळहून 'र' मिळाला, पवनीहून 'स', साकोलीहून वेलांटी. नमुन्याबरहुकूम! काना कोणीच आणला नव्हता, कारण काना पाहिजे हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

वंदना पास झाली. ही आठवणसुद्धा मी नुसती तोंडी सांगितली, टाइप तिने केली. आत्ता वाचून पाहतो तर कंसातलं एकही वाक्य माझं नाही!

"हे काहून लिवलं?" मी विचारलं.

"थांबा," ती म्हणाली, "शेवटचा कंस रायला हाय."

(काना मंगळवारी संध्याकाळीच चिवड्याच्या डब्यात सापडला होता. पण बटन शोधायला हे गावोगाव हिंडले, की घरात सराव फार छान व्हायचा!)