चाचींचं मागणं

गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या शेजारच्या मोहिनीचाचींचा चेटीचंड, म्हणजे सिंधी लोकांचा नववर्षाचा सण, असतो. छळाने गांजलेल्या लोकांनी सिंधूच्या काठी बसून नदीला साकडं घातलं, तेव्हा त्यांच्यासाठी जन्माला आलेल्या झुलेलाल देवाचा हा जन्मदिवस. फाळणीत चाची लहानपणीच सिंधमधून उल्हासनगरला आल्या. इथेही त्या कणकेचा दिवा आणि खडीसाखरेचं ताट घेऊन नदीवर जायच्या. आता नदीकाठी वासाने उभं राहवत नाही, म्हणून यंदा सोसायटीच्या अंगणात प्लास्टिकचा टब भरून ठेवला होता.

चाचींनी त्या पाण्यात तांदूळ-साखर सोडली, पदर पसरला आणि डोळे मिटून सिंधीत काहीतरी मागू लागल्या.

मी त्यांच्या नातीला हळूच विचारलं, "काय गं मागतायत?"

"काय माहीत, काकू. मला कुठे सिंधी येतं? आई मराठी, मग घरात सगळे मराठीच बोलतो."

सिंधू नदी सरहद्दीपलीकडे राहिली, ती नाइलाजाने. भाषा मात्र सुखाच्या घरातून, कुणाच्या लक्षातही न येता निघून गेली होती.

चाचींनी ते ऐकलं असावं. त्या थांबल्या. मग पदर तसाच धरून अडखळत मराठीत म्हणाल्या, "देवा, माझ्या पोरीला सुखी ठेव."

नात हसली आणि त्यांना बिलगली. एरवी अमराठी माणसाच्या तोंडून मराठी ऐकली की मला कोण आनंद होतो. त्या संध्याकाळी मात्र मला मान वर करवेना.