अंबाड्यामागचा दिवा

भुजंगरावांच्या फोटोत माणूस उजळून निघतो, अशी अख्ख्या म्हैसुरात ख्याती होती. निदान भुजंगराव तसं सांगत. युक्ती साधीच. माणसाच्या पाठीमागे दिवा लपवायचा, की केसांच्या कडेने सोनेरी रेघ उमटते. ‘समोरून काय, कुणीही उजेड मारतो,’ असं म्हणत त्यांनी मेटगळ्ळीच्या कारखान्यातल्या फोरमनपासून नव्या नवरीपर्यंत सगळ्यांच्या पाठीशी दिवे लावले होते.

त्यांची बायको सुष्मा येलवालच्या शाळेतून निवृत्त होणार होती. निरोपसमारंभाच्या बॅनरसाठी तिचा फोटो हवा होता.

“समोरूनच काढा हं, सुम्ने, आपला साधा सिंपल,” ती म्हणाली. दोनदा म्हणाली.

“तू गप बस गं. यातलं तुला काय गोत्तु, काय कळतंय?”

भुजंगरावांनी तिच्या अंबाड्यामागे दिवा ठेवला, कॅमेऱ्याच्या इवल्याशा पडद्यावर सोनेरी रेघ पाहिली आणि स्वतःवरच खूश झाले. बॅनर तिला न दाखवताच छापून परस्पर शाळेत पाठवला. तेवढीच गंमत!

समारंभात स्टेजवर आठ फुटी सुष्मा झळकली. दिव्याने काम चोख केलं होतं. विरळ केसांतून उजेड आरपार आला होता आणि टाळू लख्ख दिसत होती. पुढच्या रांगेतली पोरं कुजबुजली, मग फिदीफिदी हसली. सुष्माने बॅनरकडे एकदाच पाहिलं आणि पदर डोक्यावर ओढून घेतला. चौतीस वर्षं त्या शाळेत तिने कधी पदर घेतला नव्हता. भाषणही तिने तसंच, खाली बघत केलं. भुजंगरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. टाळ्या वाजवायलाही हात उचलवेना.

घरी आल्यावर ती अंबाड्याच्या पिना काढत बसली.

“चुकलंच माझं,” ते म्हणाले. “केस... कधीपासून गं?”

“आपल्या अमेयच्या लग्नापासून. सात वर्षं झाली की. रोज भांग बदलून झाकत होते.”

मुलाच्या त्या लग्नात भुजंगरावांनी तिचे पन्नासेक फोटो काढले होते. पुढे रोज सकाळी ती आरशासमोर असायची, तेव्हा हे त्याच खोलीत लेन्स पुसत बसायचे.

“मग बोलली का नाहीस?”

“कशाला? मला वाटायचं, तुमाला सगळं दिसतंय. मला वाईट वाटेल म्हणून बोलत नाहीत.” तिने शेवटची पीन काढली. “लई बरं वाटायचं हो.”