गेरूची रेघ आणि माझी हरकत

आमच्या गल्लीतल्या नव्या रस्त्याचे लोकार्पण झाले, त्या दिवशी पार्षदांनी, म्हणजे आमच्या नगरसेवकांनी, मंचावरून सांगितले की कामाच्या आरंभी ‘हमारे एक बुज़ुर्ग ने थोड़ी शरारत की थी’, परंतु सर्वांच्या सहकार्याने काम पार पडले. लोक माझ्याकडे वळून हसले. मी उत्तर द्यायला उठलो, तोवर माइक दुसऱ्याच्या हाती गेला होता आणि मागे समोसे वाटायला सुरुवात झाली होती. समोशांपुढे कोणाचा खुलासा टिकतो? म्हणून तो इथे लिहितो. शरारत मी केली नाही. मी हरकत घेतली होती, आणि या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, निदान मराठीत.

आमची गल्ली या हिंदी मुलखातल्या शहरात, कंपू नावाच्या मोहल्ल्याच्या बाजूला, उतारावर आहे. खालच्या टोकाला माझे घर, आणि त्याच्याही खाली, अगदी नालीला लागून, माझ्या थोरल्या बहिणीचे. माझ्या घराला पायऱ्या आहेत. अक्काच्या घराला एकही नाही; रस्त्यावरून पाऊल उचलले की उंबरा. मी स्वतःच्या घरासाठी भांडलो असे जे म्हणतात, त्यांनी एकदा येऊन त्या पायऱ्या पाहाव्यात. माझ्या घरात पाणी शिरायचे तर आधी अर्धे कंपू बुडावे लागेल.

निगमच्या, म्हणजे महापालिकेच्या, प्रत्येक कामाला नावे ठेवणारा माणूस मी नाही. सीवरची नवी लाइन टाकली, ते काम चांगले झाले. नळाला आता जोर आहे. खांबांवरचे दिवे लागतात आणि सकाळी विझतातही, हे मला स्वतःहून मान्य आहे. परंतु सीवरसाठी उकरलेली गल्ली बुजवून तिच्यावर सीसी, म्हणजे सिमेंट काँक्रीटचा, रोड करायचे ठरले, तेव्हा ठेकेदाराने जुना थर काढण्याचे कष्ट टाळायचे ठरवले. जुन्यावरच नवा ओतायचा. उंची कळावी म्हणून त्याच्या माणसांनी दोन्ही बाजूंच्या भिंतींवर गेरूने रेघ मारली. संध्याकाळी मी ती रेघ पाहत पाहत खाली गेलो. वरच्या घरांपाशी ती पायरीच्या खाली होती. अक्काच्या दाराशी ती उंबऱ्याच्या वर वीतभर होती.

म्हणजे रस्ता उंबऱ्यापेक्षा उंच होणार होता, आणि गल्लीभरचे पावसाचे पाणी अक्काच्या पुढल्या खोलीत. त्याच खोलीत तिची खाट आहे. काठी घेतल्याशिवाय तिला चालता येत नाही. पूर्वी एकदा नाली तुंबून पाणी आत आले होते, तेव्हा तिच्या मुलाने तिला हरिशंकरपुरमला आपल्या घरी नेले होते. पाणी ओसरल्यावर ती हट्टाने परत आली. त्याच वेळी मुलाने बजावले होते, “आई, अब की बार पाणी आलं, तर घर विकायचं. मग मी काही ऐकणार नाही.” तो वाईट मुलगा नाही. पण अक्काला मुलाच्या घरात राहायचे नाही. “तिथे सगळं चकाचक आहे,” ती म्हणते, “फक्त बोलायला कोणी नाही.” रेघ पाहिल्यावर मी तिला काही सांगितले नाही. सकाळी ठेकेदाराला गाठायचे ठरवले.

सकाळी खाली आरडाओरडा ऐकू आला. निगमचा तरुण इंजिनियर आला होता, मजूर उभे होते, आणि काम जिथून सुरू व्हायचे त्या अक्काच्या दाराशेजारची रेघ नाहीशी झाली होती. हे मला ठाऊक नव्हते. मी पायऱ्या उतरलो आणि थेट मुद्द्यावर आलो. त्या वेळचे संभाषण मी जसेच्या तसे देतो, कारण गल्लीत त्याच्या बऱ्याच आवृत्त्या फिरत आहेत.

इंजिनियर म्हणाला, “ये किसने किया?”

मी म्हणालो, “देखिए, इस काम पर हमारी हरकत है।”

“अच्छा! तो ये आपकी हरकत है?”

“है। और रहेगी।”

“इस उमर में, बाबूजी?”

“उमर का क्या संबंध? कल शाम को ही करनी थी, आप मिले नहीं।”

“मतलब, मुझे बुलाकर मेरे सामने करते?”

“बिलकुल सामने। हम पीठ पीछे हरकत करने वाले लोग नहीं हैं।”

मजूर फावडी टेकून हसू लागले. समोरचे बँकवाले, म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले आमचे मराठी शेजारी, बनियनवरच धावत आले आणि इंजिनियरला म्हणाले, “अरे साहब, काका की हरकत मतलब आपत्ति! मराठी में।” मग मला बाजूला घेऊन, “काका, तुम्ही पण कमाल करता! हिंदीत हरकत म्हणजे चाळे.”

तेव्हापासून बँकवाल्यांची आवृत्ती अशी की काकांना हिंदी येत नाही आणि ते नसते तर काकांवर पोलीस केस झाली असती. ज्या माणसाने आयुष्यभर जिल्हा कचेरीत हिंदीत टिपणे लिहिली, त्याला हिंदी शिकवायला बँकवाले निघाले! ‘आपत्ति’ हा शब्द मी नोकरीत इतक्या वेळा लिहिला आहे की झोपेतही लिहीन. परंतु आमच्या घरात आपत्ती म्हणजे पूर, आग, अकाली मृत्यू. ती अक्काच्या उंबऱ्याशी येऊन ठेपली होती. तिला अडवण्यासाठी जी घ्यायची, तिला हरकतच म्हणतात. माझे वडील याच शहरात, संस्थानाच्या काळात, कचेरीत बसून हाच शब्द वापरत, आणि कोणी हसत नसे. शब्द बरोबर होता. ऐकणारे बदलले आहेत.

एवढ्यात अक्का दार उघडून बाहेर आली. तिच्या हाताला कोपरापर्यंत गेरू लागलेला.

“काय गोंधळ आहे रे?”

“अक्का, इथली रेघ कुठे गेली?”

“रेघ कसली? कोणीतरी अर्धवट गेरू लावून गेलं होतं. पाडवा तोंडावर आलाय, मी पुरा केला.”

आणि खरेच, दाराच्या दोन्ही बाजूंना, जमिनीपासून गुडघ्यापर्यंत, भिंत लालभडक सारवली होती. रेघ तिच्यातच कुठेतरी होती. उंबऱ्यापुढे जमिनीवर पांढऱ्या रांगोळीची पावलेही उमटली होती. इंजिनियरने डोक्याला हात लावला. परंतु पोरगा चांगल्या घरचा असावा. त्याने चप्पल काढून, रांगोळी न मोडता, पातळी मोजायची पाण्याची नळी मजुरांना धरायला लावली आणि नवी खूण खडूने केली. पांढरी खूण लाल भिंतीवर लख्ख दिसली. अक्काने ती पाहिली, मग उंबरा पाहिला.

“रस्ता इथवर येणार?” तिने काठीने खूण दाखवली. “मग मला खाट कशाला, होडी द्या.”

बँकवाल्यांनी भाषांतर केले. या वेळी कोणी हसले नाही. मी म्हणालो, “यही हमारी हरकत थी।” इंजिनियर ठेकेदाराकडे वळून म्हणाला, “पहले पुराना उखाड़ो। सड़क देहरी से नीचे जाएगी।” ठेकेदार कुरकुरला, पण थर उकरला गेला आणि रस्ता उंबऱ्याच्या खालीच राहिला.

आता गल्लीत म्हणतात, अक्काच्या गेरूमुळे घर वाचले. स्वतः अक्काही तेच म्हणते. गेरू नसता तर तो इंजिनियर पुन्हा मोजायला बसला नसता, असा तिचा युक्तिवाद. मी तिला सांगितले आहे की गेरूने फक्त रेघ पुसली, विरोध मी केला.

पावसाळ्याच्या तोंडावर तिचा मुलगा गाडी घेऊन आला. माझ्याकडे येऊन म्हणाला, “मामा, तुम्ही तरी समजवा ना, जिद करते आहे.” अक्काने त्याला उंबऱ्यात उभे केले, भरलेली बादली आणायला लावली, आणि दारासमोर, नव्या रस्त्यावर ओतायला सांगितली. पाणी क्षणभर पसरले, मग उंबऱ्याकडे पाठ फिरवून नालीत गेले. त्याने आणखी एक बादली ओतली, जरा जोराने. तीही गेली. तो ओल्या रस्त्याकडे बघत म्हणाला, “ठीक आहे. पण फोन उचलत जा.” चहा पिऊन तो एकटाच गेला.

गाडी बाड्याच्या चौकाकडे वळल्यावर अक्का मला म्हणाली, “पाहिलंस? गेरूचा गुण.”

माझी हरकत मी तिथेच, तिच्या दारात, पुन्हा नोंदवली.