पिवळ्या पट्टीबाहेरचे बापू

बापू कुणाच्याही घरी गेले की आधी त्यांचा उजवा अंगठा आत शिरायचा आणि मागून बापू. दाराची कडी, खिडकीचा गज, स्टीलच्या पेल्याचा काठ, दवाखान्यातल्या बाकड्याची कड. लोखंड किंवा पत्रा दिसला की त्यावरून अंगठा फिरवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. कुठं बारीकशी धार लागली, त्यांच्या भाषेत ‘बर’ लागली, की खिशातून वीतभर कानस बाहेर यायची आणि घासकाम सुरू. एका लग्नात त्यांनी जेवणाचं ताट वाढून घेण्याऐवजी मांडीवर उलटं घेतलं आणि त्याची कड घासायला बसले. वाढपी जिलेबी घेऊन समोर ताटकळलेला. “थांब रे दोन मिन्टं. कुणाचं तरी बोट कापंल, मग जिलेबी गोड लागंल का?” असं म्हणून त्यांनी शेजारच्याचंही ताट मागितलं. यजमान ओशाळले. बापूंना ओशाळणं माहीतच नव्हतं.

आमच्या सिडकोत सगळे त्यांना फिटरबापू म्हणत. मूळचे सिन्नरच्या पलीकडच्या एका खेड्यातले. सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये त्यांची उभी हयात गेली. उभी म्हणजे खरोखरच उभी, कारण बापूंना बसलेलं मी फारसं पाहिलं नाही. चहासुद्धा ते येरझारा घालत प्यायचे. बायको जाऊन काही वर्षं झाली होती, मुलगा संदीप पुण्यात नोकरीला होता, आणि रो-हाउसच्या मागच्या अंगणात पत्र्याची शेड ठोकून बापूंनी आपलं कारखान्यातलं आयुष्य पुढं चालू ठेवलं होतं.

मी त्यांच्याकडे गेले ती माझ्या धरसोड स्वभावामुळे. मी कॉलेजात गणित शिकवते. उरलेल्या वेळात काय करावं हे मला कधी कळलेलं नाही. हार्मोनियम झाली, जर्मन झालं, घरी पाव भाजून झाले, सायकल गॅलरीत टांगून झाली. “एक ना धड, भाराभर चिंध्या,” असं नवरा म्हणतो आणि त्यात खोटं काहीच नाही. मग फोनवर जुनी हत्यारं घासूनपुसून चालती करणाऱ्या माणसांचे व्हिडिओ पाहायला लागले, आणि हाताला खाज सुटली. लिंक रोडवरच्या भंगारातून एक गंजलेला वाईस उचलून आणला. वाईस म्हणजे काम घट्ट पकडून ठेवणारा लोखंडी जबडा. माझ्या वाईसचा जबडा मात्र कायमचा मिटलेला होता. हार्डवेअरवाला म्हणाला, “फिटरबापूंकडं न्या, त्यांच्या हातनं नाही उघडला तर कुणाच्याच नाही.”

बापूंनी वाईसवरून अंगठा फिरवला, मग माझ्याकडे पाहिलं. “माल जुना हे, चांगला हे. तुम्ही काय करणार याचं?”

“शिकणार.”

“काय शिकणार?”

“तुम्ही शिकवाल ते.” बापूंना ते आवडलं असावं, कारण आठ दिवस रॉकेल पाजून त्यांनी तो जबडा उघडला आणि मला रविवारी सकाळी यायला सांगितलं.

शेडच्या मधोमध त्यांचा लेथ होता. चामड्याच्या पट्ट्यावर चालणारा, पायाशी नक्षीचं ओतकाम असलेला, माझ्या आजोबांच्या वयाचा. सिन्नरला एक जुना वर्कशॉप बंद पडला तेव्हा बापूंनी तो भंगारात जाताजाता वाचवला आणि दोन वर्षं खपून चालता केला. “विलायती हे, पण आता मराठी समजतं त्याला,” असं ते म्हणत. लेथवर लोखंडाचा तुकडा गरगर फिरतो आणि हत्यार त्याला हवा तसा गोल कातरून काढतं. मला तेच शिकायचं होतं, लगेच, त्याच रविवारी. बापूंनी माझ्या हातात लोखंडाचा चौकोनी तुकडा आणि कानस दिली. “याची एक बाजू सपाट करून दावा.”

बावीस वर्षं मी मुलांना समतल म्हणजे काय ते शिकवते आहे. फळ्यावर चार रेघा मारल्या की झालं समतल! इथं तीन रविवार घासून मी गुण्या, म्हणजे काटकोनी पोलादी पट्टी, लावला आणि उजेडाकडे धरला, तर दोन्ही टोकांना खालून लख्ख उजेड. बापू म्हणाले, “पोट सुटलंय त्याला.” पुन्हा घासलं, पुन्हा पोट. कानस पुढं जाताना कापते, मागं येताना नाही, हे मला कळलं होतं, पण मी दोन्हीकडे सारखाच जोर लावत होते. “जाताना जोर, येताना हात सैल,” हे त्यांनी मला किती वेळा सांगितलं असेल त्याला गणती नाही. एकदा वैतागून मी विचारलं, “बापू, लेथ कधी?” ते येरझारा थांबवून म्हणाले, “मशीन करंटावर चालतं ताई. तुम्ही घाईवर चालता. दोघांचं जमायला टाइम लागंल.” स्वतः एका जागी दोन मिनिटं न टिकणाऱ्या माणसानं हे सांगावं याचा मला राग यायचा. पण जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, हातात आला की बापूंची सगळी चुळबुळ कुठं जायची कोण जाणे. पाय जमिनीत रोवल्यासारखे, श्वाससुद्धा सावकाश. ते पाहण्यासाठी तरी मी जात राहिले, आणि माझ्या आयुष्यातली ही पहिली गोष्ट जी मी सोडली नाही.

चार महिन्यांनी लेथ मिळाला, तो एका नियमासकट. लेथच्या तोंडाशी जो फिरता पंजा असतो त्याला चक म्हणतात. चकात काम आवळायला एक चावी लागते, मुठीत मावणारी पण चांगली वजनदार. ती चकातच विसरली आणि मशीन सुरू केलं तर दगडासारखी भिरकावली जाते. बापूंच्या तरुणपणी शेजारच्या मशीनवरच्या माणसाचा डोळा असाच गेला होता. म्हणून, “चावी हातात, नायतर खिळ्यावर. तिसरी जागा नाय.” एकदा मशीन बंद असताना मी चावी चकात ठेवून नुसती घाम पुसायला वळले. बापूंनी माझी पर्स आणून हातात दिली. “पंधरा दिवस सुट्टी. घरी बसून आठवा.” पंचेचाळिशीतली प्राध्यापक बाई रडत घरी आली, हे मी कॉलेजात कुणाला सांगितलेलं नाही.

पुढच्या वर्षी बापू विसरायला लागले. सुरुवात भाजीपासून झाली. एकाच सकाळी दोनदा मेथी आणली. मग गॅस चालू राहिला, मग शेजारणीला तिच्या मेलेल्या सासूची खुशाली विचारली. संदीप पुण्याहून धावत आला. चांगला मुलगा, बापाच्या काळजीनं अर्धा झालेला. म्हणाला, “बाबा, मशीन विका आणि माझ्याकडं चला. बोट गेलं तर काय करायचं?” बापू शेडमध्ये फेऱ्या मारत होते. शेवटी थांबून म्हणाले, “ज्या दिवशी माझ्या हातनं चावी चकात राहील, त्या दिवशी मी आपणहून मशीन सोडीन. तवर त्याचं नाव काढू नको.” संदीपनं माझ्याकडे पाहिलं. मी साक्षीदार होते.

तो दिवस श्रावणात आला. बापू कुणाच्या तरी फाटकाच्या बिजागरीत बसवायची लोखंडी नळी, म्हणजे बूश, कातत होते. त्यांनी काम आवळलं, माझ्याशी निफाडच्या द्राक्षांबद्दल काहीतरी बोलले आणि हात बटणाकडे नेला. चावी चकात होती. माझ्या तोंडून निघालं, “बापू, बाहेर कुणीतरी हाक मारतंय.” ते दाराशी गेले. मी चावी काढली, खिळ्याला अडकवली. “कोन नाय,” म्हणत ते परत आले आणि मशीन सुरू केलं.

घरी आल्यावर मला बसवेना. आता हा माणूस एकटा असताना काय होईल? आणि सांगितलं, तर ज्या एका गोष्टीवर तो उभा आहे ती मीच काढून घेणार? मी रोज जायला लागले. लेक्चर संपलं की थेट शेड. बापूंच्या हाताकडे बघत राहायचं, चावी कुठं जाते ते पाहायचं. रात्री जेवताना नवऱ्याशी तुटक बोलायचे, पोळ्या करपवायचे. एका आठवड्यात माझं वजन उतरलं.

आठव्या दिवशी बापूंनी मशीन बंद केलं. “ताई, तुम्ही हल्ली रोज येता. अन् माझ्या तोंडाकडं नाय, हाताकडं बघता.” मी खिळ्यावरच्या चावीकडे पाहिलं. “त्या दिवशी कुणी हाक मारली नव्हती. चावी ऱ्हायली होती ना?”

मी हो म्हटलं. मला वाटलं ते खचतील. ते चिडले. इतकं चिडलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. “तुम्हाला वाटलं तुम्ही मला वाचवलं? मला फसवलं तुम्ही! मी आठ दिवस या मशीनवर उभा ऱ्हायलो, माझा हात शाबूत हे समजून. का नाय वरडल्या माझ्यावर?”

“तुम्हाला वाईट वाटेल म्हणून.”

“भीड भिकेची बहीण, ताई. भिडंखातर गप्प बसनारा मानूस मशीनवर चालत नाय.”

त्यांनी माझ्यासमोर लेथचा पट्टा उतरवला. त्याच संध्याकाळी स्वतः संदीपला फोन करून सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी गेले तर बापू जमिनीवर ओणवे होऊन लेथभोवती पिवळ्या रंगाची पट्टी ओढत होते. कारखान्यात अशी पट्टी असते. तिच्या आत फक्त मशीन चालवणारा. बाकी पाहुणा असो की मालक, त्यानं बाहेरून बघायचं. रंगवून झाल्यावर त्यांनी पट्टा परत चढवला, पट्टीबाहेर येऊन उभे राहिले आणि मला म्हणाले, “जा आत.”

संदीप न्यायला आला, तर “मशीनला मानूस मिळू दे, मग येतो,” म्हणून त्याला परत पाठवलं. मशीनचं माणूस म्हणजे मी. पण बापूंना मी पसंत नव्हते. माझं कातकाम त्यांना पटायला लागलं होतं, खोट होती ती दुसरीच. “हात बरा हे तुमचा, जीभ जड हे,” असं म्हणायचे. उरलेला सगळा पाऊसकाळ आणि दिवाळी ते पट्टीच्या कडेकडेनं फेऱ्या घालत मला शिकवत राहिले. आवाजावरून सांगायचे, हत्यार बोथट झालंय, तेल कमी पडलंय. हात मागं बांधून ठेवायचे, आणि ते हात सारखे सुटायचे. मला आत उभं राहवत नसे. त्यांच्या जागी आपण उभ्या आहोत या विचारानं माझी कातलेली दोन-तीन कामं वाया गेली. एकदा तर मी म्हटलंही, “बापू, या ना, एकदा हात लावा.” त्यावर त्यांनी मला शिवी दिली. साधीच, पण दिली.

डिसेंबरात त्यांना चक्कर आली, आणि संदीपनं ऐकलं नाही. एका रविवारी सकाळी गाडी दाराशी लागली. लेथचं काय करायचं यावरून दोघांचं आदल्या दिवशी वाजलं होतं. संदीपच्या मते भंगारवाला बोलवावा, बापूंच्या मते अजून ठरलेलं नव्हतं. थंडी कडक होती. बापू नवा सदरा घालून, गळ्यात मफलर टाकून शेडमध्ये आले आणि म्हणाले, “एक बूश काता. आवाज ऐकतो, मग जातो.”

मी काम आवळलं, चावी खिळ्याला लावली, मशीन सुरू केलं. लोखंडाचा लांब निळसर कीस वळ्यावळ्यांनी निघायला लागला. संदीप पिशव्या घेऊन दारात उभा होता. बापू ऐकत होते. आणि मग ते विसरले. पट्टी विसरले, सदरा विसरले, गळ्यातला मफलर विसरले. एक पाऊल आत टाकून, मान वाकवून ते फिरत्या चकाकडे हात नेत होते. मफलरचं एक टोक सुटून पुढं लोंबत होतं.

“बापू! पट्टीबाहेर व्हा! व्हा बाहेर!”

हा माझा आवाज होता. मी असं कधी कुणावर ओरडले नव्हते. मुलांवर नाही, नवऱ्यावर नाही. बापू दचकून मागं सरले, पाठ पत्र्याला आपटली. संदीपच्या हातातली पिशवी पडली. बापूंचा चेहरा पांढरा पडला होता, आणि माझ्या मनात आलं, शेवटच्या दिवशी या माणसाचा मी अपमान केला.

बापूंनी श्वास घेतला. मफलर काढून हातात गुंडाळला. मग संदीपकडे वळले, आणि त्यांच्या तोंडावर असा आनंद होता की मला पाहवेना. “ऐकलं का? माझ्यावर वरडली! भंगारवाल्याला सांग, मशीन ताईंना दिलंय म्हनावं. चल, निघू आता.”

आणि निघाले. निघायचं म्हटल्यावर बापूंना कुणी थांबवू शकत नसे. मी बटण बंद केलं. पण जुना लेथ बटण दाबल्याबरोबर थांबत नाही, चक बराच वेळ आपल्या भारानं फिरत राहतो. फिरता चक सोडून जायचं नाही आणि हातानं थांबवायचाही नाही, हे मला बापूंनीच शिकवलं होतं. मी उभी राहिले. बाहेर गाडीचं दार लागलं. मला धावत जाऊन त्यांच्या पाया पडायचं होतं, पाय दाराकडे ओढ घेत होते. गाडी सुरू झाली, गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला. चक अजून फिरत होता. तो पूर्ण थांबेपर्यंत मी पट्टीच्या आतच उभी होते.