खालच्या पट्टीवरचं चिन्ह

शिरूरच्या एसटी स्टँडजवळ मी फोटो छापायच्या दुकानात कामाला आहे. माहेर लांब नांदेडकडं, शाळा नववीत सुटलेली. तरी 'कम्प्युटर येतो' असं सांगून नोकरी मिळवली. दुकानातल्या कम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स होतं आणि फोटोचा प्रोग्राम म्हणजे डाउनलोडमधली एक सुटी फाईल. ती मेनूत दिसत नसे, स्क्रीनच्या खालच्या पट्टीवर टिकत नसे. दर गिऱ्हाइकाला मी ती शोधत बसायची. "जमत नसंल तर सांगा, दुसरी बाई बघतो," असं मालक म्हणून गेले होते.

एकदा कंपनीचा निळा शर्ट घातलेले एक मामा फोटोला आले. माझी शोधाशोध बघून म्हणाले, "ताई, मी बसू का जरा?"

कीबोर्डवर फुंकर मारून ते एका बोटानं टाइप करू लागले. प्रोग्राम वेगळ्या फोल्डरात ठेवला, मग चार-पाच ओळींची छोटी फाईल लिहिली, त्यात प्रोग्रामचं नाव, चिन्ह आणि तो कुठं ठेवलाय तो पत्ता. मेनूत चिन्ह आलं, ते पट्टीवर बसवलं.

"आता मूळ फाईल हलवू नका. हलवली तर चिन्ह दिसंल, पन प्रोग्राम उघडायचा न्हाई."

तेवढ्यात मालक आले. "हे कुणी केलं?"

"मी," माझ्या तोंडून गेलं.

मामांनी माझ्याकडं पाहिलं. "व्हय, ताईंनीच. मी आपला बघत हुतो."

पुढं मालकांनी मला त्यांच्या दौंडच्या दुकानात तसंच करायला पाठवलं. मामांच्या ओळी कागदावर उतरवून नेल्या. तिथल्या बाईंनी विचारलं, "कुणी शिकवलं हो?"

खरं सांगायला तोंड उघडलं. मामांचे आठ फोटो मी छापले होते, नाव मात्र विचारलं नव्हतं.