एसीवाल्यांनी लावलेलं धुरांडं

रामकृष्ण घाग नवीन माणसाच्या तोंडाकडे बघत नाही, हातांकडे बघतो. हात गुळगुळीत दिसले की तो माणूस त्याच्या लेखी मेला. मस्कतजवळ रुसैलच्या ज्या लाँड्रीत तो बॉयलर सांभाळायचा, तिथे असे मेलेले पुष्कळ होते, आणि सगळ्यात ताजं मढं म्हणजे केयूर साहेब. प्रोजेक्ट इंजिनीयर, डोंबिवलीचा, वय अठ्ठावीस, बूट पांढरेशुभ्र. बॉयलर रूममध्ये पांढरे बूट! घाग म्हणायचा, लग्नाला आलाय की काय हा.

घाग मूळचा खेडकडचा. लोट्याच्या केमिकल कंपनीत बॉयलरवर मदतनीस होता, परीक्षेत दोनदा आपटला, तिसऱ्यांदा सर्टिफिकेट मिळवलं, ते लॅमिनेट केलं आणि ते घेऊनच मस्कतला आला. त्याला आता बारा वर्षं झाली होती. बारा वर्षांत त्याचं एकच मत पक्कं झालं होतं, की हा मुलूख एसीवाल्यांचा आहे. थंड करायला सांगा, दहा जण धावतील. गरम करायचं म्हटलं की सगळे एकमेकांची तोंडं बघणार.

२०१६च्या मे महिन्यात तो रजेवर गावी गेला. परत येऊन बघतो तर बॉयलर दीड फूट पुढे सरकवलेला. मागे भिंतीलगत नव्या प्रेस मशीनचे वाफेचे पाइप घालायला जागा हवी होती म्हणे. बरं, त्यात चूक काही नाही. पण बॉयलर पुढे आला म्हणजे भिंतीतल्या भोकापासून त्याचं धुरांडं दीड फूट तुटणार की नाही? तो तुकडा सांधायला केयूरने बोलावलं कोणाला, तर एसीवाल्यांना!

आणि त्यांनी काय दिवे लावले होते ते बघून घागला हसावं की रडावं कळेना. एसीचा पातळ पत्र्याचा डक्ट, सांध्यांवर चंदेरी टेप, आणि वरून काळा फोम गुंडाळलेला. एसीच्या पाइपाला गुंडाळतात ना, तोच. त्यात उतारही बाहेरच्या बाजूला. एसीचं पाणी बाहेर गळावं म्हणून देतात तसा.

"धुरांड्याला स्वेटर घातलाय," घाग म्हणाला. "थंडी वाजत होती का साहेब त्याला?"

"काका, डक्ट इज डक्ट," केयूर मोबाइलमधून मान न उचलता म्हणाला. "अकरा वाजता मालक येतायत, अर्बाब स्वतः, नवीन मशीन बघायला. तुम्ही फक्त पेटवा आणि कमिशनिंगच्या पेपरवर सही करा."

"धूर खाली जातो का वर जातो, साहेब?"

"म्हणजे?"

"चुलीपुढे बसलेल्या कुठल्याही बाईला विचारा. फी नाही घेत ती."

बॉयलरपासून दहा पावलांवर ग्रेस बसायची. वसईची, इस्त्री विभागाची मुख्य, पन्नाशीची. मध्ये भिंत होती, पण अर्धीच. घागचं तिच्याशीही कधी पटलं नव्हतं. 'इस्त्रीवाली मडम' म्हणायचा तिला. पण ती टेप पहिल्या तासात सुटणार, फोम जळणार, आणि त्याचा विषारी धूर पहिल्यांदा तिच्या नाकात जाणार, हे त्याला सर्टिफिकेटशिवायसुद्धा दिसत होतं. वर त्या पेपरखाली सही कोणाची, तर आर. के. घाग!

"मी नाही पेटवणार."

"मग एसीवाले पेटवतील. बटणच तर दाबायचंय! तुम्ही सिनियर लोक ना, फार भाव खाता."

घाग बर्नरपाशी गेला आणि त्याचा डोळा काढून खिशात घातला. बर्नरला एक डोळा असतो, बोटाएवढा. ज्योत दिसते की नाही ते तो बघतो, आणि तो काढला की बर्नर पेटतच नाही. मग घाग ड्रमवर बसला आणि सुलेमानी चहा फुर्र फुर्र करत प्यायला लागला.

एसीवाल्यांनी बटण दाबलं. लाल दिवा. परत दाबलं, परत लाल. दोघांपैकी एकाने तर बर्नरवर दोन थापटा मारल्या, रुसलेल्या म्हशीला मारतात तशा.

"रामकृष्णभाऊ, काय चाललंय हे?" ग्रेसने अर्ध्या भिंतीवरून विचारलं.

"आरती. बसा गप, प्रसाद तुम्हालाच मिळणार आहे."

अकराला अर्बाब आले, अंगात पांढरा पायघोळ दिशदाशा, हातात तस्बीची माळ. "क्या मुश्किल, रामा?"

केयूरने इंग्लिशमध्ये सुरुवात केली, टेक्निकल इश्यू, मायनर, ओल्ड स्टाफ, ॲटिट्यूड. घाग उठून सरळ ऑफिसात गेला आणि केयूरची चाकांची खुर्ची ढकलत घेऊन आला. खडखड खडखड, अख्खी लाँड्री बघत होती. ग्रेसला उठवलं आणि तिच्या जागी ती खुर्ची ठेवली.

"बसा साहेब. एक तास. डोळा माझ्या खिशात आहे, आत्ता लावतो, आत्ता पेटवतो. तुम्ही इथून उठलात की सही करतो."

अर्बाबला त्याने तेच हिंदीत सांगितलं.

केयूरने खुर्चीकडे बघितलं, स्वेटरवाल्या धुरांड्याकडे बघितलं. "माझी ना, मीटिंग आहे कुरुमला," तो म्हणाला. इतका शिकलेला माणूस, त्याला खोटंसुद्धा धड बोलता येईना!

अर्बाबची तस्बी थांबली. "खलास," ते म्हणाले. "रामा, तुम बनाओ. कितना दिन?"

"दो दिन."

दोन दिवसांत घागने जाड पत्रा वळवला, वेल्ड मारला, सांध्यात उष्णता सोसणारी दोरी भरली, बाहेरच्या बाजूला उताराऐवजी चढ ठेवला आणि मगच डोळा लावून पेटवलं. सही केली, मोठी, कागदाबाहेर जाईल अशी. केयूरने त्या धुरांड्याचा फोटो काढून हेड ऑफिसला पाठवला, खाली लिहिलं, 'डिझाइन बाय मी'. घागला कळलं तेव्हा तो थुंकलासुद्धा नाही. थुंकी काय फुकट येते?

ग्रेस पुढच्या आठवड्यात म्हणाली, "भाऊ, तुमचे उपकार..."

"चादर करपतेय मडम, खाली बघा."

दुपारी ऑफिसचा शिपाई आला. साहेबांनी खुर्ची परत मागितलीय. ग्रेस त्या खुर्चीवरून उठायला लागली तसा घाग पलीकडून ओरडला, "बसा हो तुम्ही! आणि तू रे, साहेबांना सांग, खुर्ची इथेच आहे. बसायची हिंमत झाली की या म्हणावं."